रांजण कुठल्या हाताला

गयामावशीनं तंबाखू सोडली, पण चंची सोडली नाही. कमरेला खोचलेली ती कप्प्याकप्प्यांची कापडी चंची तशीच राहिली. फक्त पानाच्या कप्प्यात हिरवे खडू आले, सुपारीच्या कप्प्यात तपकिरी, चुन्याच्या डबीच्या जागी पिवळे आणि तंबाखूच्या कप्प्यात निळे. तल्लफ आली की जुन्या सवयीनं चंचीची दोरी सुटायची, निळ्या खडूचा तुकडा बाहेर यायचा, डाव्या तळहातावर अंगठ्यानं मळला जायचा, आणि मग तिच्या लक्षात यायचं. "तोंडात टाकलाच असता बग," असं म्हणून एकटीच हसायची. त्यामुळं तिचा डावा तळहात कायम निळसर असे. नवीन माणसाला वाटायचं, बाईला कुठं मार लागलाय.

परवा माझ्या मुलीच्या फ्रॉकच्या खिशात तसाच एक तुकडा सापडला. ती आता अंगणवाडीत जाते. कपडे भिजवायच्या आधी खिसे तपासावे लागतात, नाहीतर मेण सगळ्या कपड्यांना लागतं. तुकडा हातात घेतला आणि कधी मळायला लागले मलाच कळलं नाही. मावशी वारली, सिल्लोडकडच्या एका गावात, लेकीच्या घरी. मला ते उशिरा कळलं. रडायचं ते रडून झालं. पण तिच्याबद्दल कुणाला काही सांगितलंच नाही, असं राहून राहून वाटतं. माझं शिक्षण नववीपर्यंतचं. जमेल तसं सांगते.

वाळूजला आम्ही राहत होतो ती पत्र्याच्या खोल्यांची ओळ. समोर सामाईक नळ, मागं बाभळी, आणि शिफ्टच्या बसचा हॉर्न हेच घड्याळ. प्रत्येक खोलीत एक वेगळा जिल्हा. माझा नवरा संदीप कंपनीत मशीनवर आणि मी घरात एकटी. मी वडशाकडची, वैनगंगेच्या काठची. तिथून इथं यायचं म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोकापासून निघून अर्धा महाराष्ट्र ओलांडायचा. घरच्यांना हे लग्न नको होतं. बाबांनी सांगितलं, गेलीस तर फोनसुद्धा करायचा नाही. मी गेले, आणि खरंच फोन केला नाही. भीती वाटायची. मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. गॅसच्या शेगडीची, घरमालकाची, नळावर बोलणाऱ्या बायकांची. मी एखादा शब्द बोलले की त्या हसायच्या, "हिची बोली ऐका गं."

आमच्याच ओळीतली गयामावशी हसली नाही. तिनं पहिल्या दिवशी विचारलं, "काय खाती गं तू?"

"भात."

"सकाळी?"

"भात."

"आन रातीला?"

तेव्हापासून मी "भातखाऊ". "ए भातखाऊ, हिकडं ये, हे कापड धर." माझं खरं नाव तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. मला ते नाव आवडायला लागलं होतं.

मावशी अंगणवाडीत मदतनीस होती. पोरं घरी गेली की झाडताना सतरंजीखालून मेणाच्या खडूंचे तुकडे निघत, बोटाच्या पेराएवढे, त्याहून लहान. ते ती टाकत नसे. त्या खडूंनी ती कापड रंगवायची आणि रंगवलेली ती ठिगळं गोधडीत बसवायची. आमच्या ओळीतल्या निम्म्या घरांत तिच्या गोधड्या होत्या. बाकीच्या निम्म्या घरांना ती म्हणायची, "अजून तुमची पाळी नाय आली."

कापड पांढरंच लागायचं आणि तेही जुनंच. नवीन कापडाला खळ असते, खडू वरच्या वर सरकतो, धाग्यात शिरत नाही. मावशीचं पांढरं कापड म्हणजे तिची स्वतःची लुगडी. पौर्णिमेला विहारात जाताना बायका पांढरी लुगडी नेसतात, तशी तिच्याकडं होती. ती विरली की खडूखाली यायची. "लई वंदना ऐकल्यात ह्या कापडानं," असं म्हणून ती ते फाडायची. फाडायची म्हणजे काय, दातानं एक चीर द्यायची आणि सरळ ओढत न्यायची. कात्रीपेक्षा सरळ.

कापडाखाली पॉलिश पेपर. ओळीतली पोरं कंपनीतून झिजलेला, फेकायला काढलेला पॉलिश पेपर आणून द्यायची. त्याच्या खरखरीमुळं कापड जागचं हलत नाही. वरून खडू, एकाच दिशेनं आणि जोर लावून. मी पहिल्यांदा केलं तेव्हा कापडाला खडू जेमतेम टेकवला.

"कुणाला भ्यायलीस?" मावशी म्हणाली. "कापड रडायलंय का?"

"फाटलं तर?"

"फाटलं तर शिवू. गोधडीच हाय ती."

रंग भरून झाला की वर पोरांच्या वहीचा कोरा कागद ठेवून गरम इस्तरी. वर्तमानपत्र चालत नाही, त्याची अक्षरं कापडावर उतरतात. एकदा तसं झालंही होतं. शेजारच्या एकाच्या गोधडीवर बैलाच्या पोटात उलटी अक्षरं उमटली. ती धुऊन जाईनात, तर मावशी त्याला म्हणाली, "बैल शिकलेला हाय तुझा, ठिव तसाच." कागद मेण पिऊन घेतो, रंग कापडात राहतो. पण इस्तरी फिरवायची नाही. ठेवायची, उचलायची. पुन्हा ठेवायची, उचलायची. हे ती इतक्या वेळा सांगायची की ओळीतली पोरं तिची नक्कल करत, "ठिव, उचल, ठिव, उचल," म्हणत नळापर्यंत जायची.

मावशीची एक अट होती, ती मात्र विचित्र वाटायची. चित्र ती काढत नसे. ज्याची गोधडी त्यानं रेघ काढायची. ती फक्त रंग भरणार. "घर तुझं, तर रेघबी तुझी. म्या कुठं बघितलंय तुझं घर?" पेन्सिल हातात दिली की मोठमोठी माणसं अवघडून जात. रोज मशीनवर लोखंड कापणारे हात घराचं छप्पर काढताना तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवायचे.

आमच्या शेजारी सिल्लोडच्या रेहानाभाभी राहायच्या. त्यांना लेकाच्या लग्नात द्यायला गोधडी हवी होती.

"मावशी, मेरेकु चित्र काढना आता नै."

"घर तो याद आता ना? मंग काढो."

भाभींनी बराच वेळ खाली मान घालून काहीतरी काढलं. मावशीनं कापड लांब धरलं, जवळ धरलं. "हे कुत्रं कामून काढलं लग्नाच्या गोधडीवर?"

"अल्ला! मावशी, बकरी है वो! हमारे आंगन की बकरी."

"मंग शिंगं कुठायत?"

"उसको शिंगांच नै थे."

मावशी हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, "कान कसे व्हते? पडेल का उभे?" भाभी म्हणाल्या, लंबे, नीचे तक. मग कान मोठे झाले, आणि कुत्र्याची खरंच बकरी झाली. नंतर मावशीनं चंची सोडून तपकिरी, काळा, पिवळा असे तीन तुकडे मांडीवर ठेवले आणि बकरीचा रंग विचारला. भाभी म्हणाल्या, कोणता पण लावा. मावशीनं तिन्ही तुकडे परत चंचीत टाकले. "कोनताबी म्हंजी? आंदाजानं म्या रंग भरीत नाय. आठवा, मंग सांगा." दोन दिवसांनी भाभी बहिणीला विचारून आल्या. बकरी काळी होती, फक्त एक पाय पांढरा.

त्याच वर्षी हिवाळ्यात मला दिवस गेले.

आमच्याकडं पहिल्या बाळाच्या अंगावरची गोधडी आईच्या आईच्या लुगड्याची असते. इकडंही तसंच. नळावर बायका सहज विचारायच्या, "माहेराहून लुगडं आलं का?" मी "येईल" म्हणायची. कुठून येणार होतं? माझ्याकडं माहेरचं म्हणून एक सुताचा दोरासुद्धा नव्हता. निघाले होते ती अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि तो ड्रेसही संदीपनंच घेतलेला. पोट वाढत गेलं तशी ही एकच गोष्ट मनात बसली. दवाखान्याची नाही, दुखण्याची नाही, ह्याची भीती. की माझं बाळ येईल आणि त्याच्या अंगावर टाकायला त्याच्या आजीचं काही नसेल. संदीप म्हणाला, शहागंजाच्या बाजारातून मऊ ब्लँकेट आणू. तो वाईट बोलला नव्हता. पण मी रडले.

मावशीनं मला रडताना बघितलं आणि तिथंच बसकण मारली. सगळं ऐकून घेतलं. मग पदराआडून पांढऱ्या कापडाचा तुकडा काढून माझ्यापुढं पसरला.

"माहेराचं लुगडं नाय ना? मंग माहेर काढ ह्याच्यावर."

मी काढायला बसले. उतरतं कौलारू छप्पर. मागं सांदवाडी, म्हणजे परसातली भाजीची बाग. तिच्यापलीकडं नदी, दोन रेघांची. समोर दार. दाराशेजारी पाण्याचा रांजण. रांजण काढायला पेन्सिल टेकवली आणि हात थांबला.

तो दाराच्या उजव्या हाताला होता की डाव्या?

जन्मापासून त्या रांजणातलं पाणी प्यायले. शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी त्यात लोटा बुडवायचे. आणि तो कुठं होता ते आठवेना. डोळे मिटले तर दोन्हीकडं दिसायचा. मी म्हटलं, "मावशी, डावीकडं काढते. बाळाला काय कळणार आहे?"

मावशीनं खडू चंचीत टाकले, दोरी आवळली. "इचार."

"कुणाला?"

"ज्याचा रांजण हाय त्याला."

"मावशी, ते नाही बोलणार माझ्याशी."

"तू कुठं बोल म्हनायलीस? रांजण कुठं हाय, येवढंच इचार. घरातलं कुनी मेलं का जित्तं हाय तेबी इचारू नगं."

मी नाही म्हटलं. तिनं कापड घडी घालून माझ्या फडताळात ठेवलं आणि निघून गेली. त्यानंतर रोज अंगणवाडीतून येताना दारात उभी राहायची. "इचारलं?" "नाही." "बरं." आणि पुढं जायची. रागावली नाही, समजूत घातली नाही. तिला जणू खरोखर रांजणाचीच अडचण होती. मला तिचा फार राग आला तेव्हा. बाईला एवढंही कळत नाही का, असं वाटलं. नळावर मी तिच्याआधी पाणी भरून निघून यायला लागले.

एका दुपारी मी फोन लावला. आईनं उचलला. मी "आई" म्हटलं नाही. भीतीनं एका दमात बोलून गेले, "आपला रांजण दाराच्या कोणत्या हाताला आहे?"

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. आई म्हणाली, "काहून पाहिजे तुले?"

"गोधडीवर काढायचाय."

"कोनाच्या गोधडीवर?"

मी सांगायच्या आधीच तिला समजलं असणार, कारण तिनं नाक ओढल्याचं मला ऐकू आलं. मग ती नेहमीच्या आवाजात, जसं काही मी अंगणातूनच विचारलं होतं, तसं म्हणाली, "निंगतानी डाव्या हाताले. तू गेली तवा डाव्या हातालेच होता. येशील तं उजव्या हाताले दिसंल."

आणि फोन ठेवला.

मी पळत मावशीकडं गेले. रडणं आणि हसणं एकदमच येत होतं. "मावशी, निघताना डाव्या, आत जाताना उजव्या."

मावशी तांदूळ निवडत होती. "मंग? चित्रातलं मानूस आत चाललंय का भायेर?"

"आत," मी म्हटलं.

"मंग उजव्या हाताला काढ की. उभी कामून?"

रंग तिनं भरला. नदीसाठी तंबाखूच्या कप्प्यातला निळा काढला. निळ्यावर तिचा जीव, सगळ्यांना तो ती हात आखडून द्यायची. माझ्या नदीला मात्र दोन तुकडे पूर्ण संपवले. मग मला म्हणाली, इस्तरी तू कर. मी कागद ठेवला, इस्तरी ठेवली, उचलली, ठेवली, उचलली. तेवढ्यात दारात संदीप आला, "झालं का गं?" म्हणाला, आणि माझ्या हातानं इस्तरी सरकली. कागद काढून बघितलं तर नदी फिसकटून सांदवाडीतून थेट घराच्या भिंतीपर्यंत आलेली.

मला वाटलं, अपशकुन झाला. मी कापड लपवायलाच निघाले होते. मावशीनं ते ओढून घेतलं, उजेडाकडं धरलं.

"पूर येतो का गं तुमच्या नदीला?"

"येतो. सांदवाडीत पाणी शिरतं दर दोन-तीन वर्षांनी."

"मंग बराबर हाय." तिनं बोट फिरवलं. "रांजणापर्यंत आलं का पानी?"

"नाही."

"मंग झालं तर."

ठिगळं बसली, आतले थर बसले, मोठ्या टाक्यांनी सगळं टाचून झालं. राहिलं फक्त अस्तर, म्हणजे खालची बाजू, जी बाळाच्या अंगाला लागते. आणि इथं मावशी अडून बसली. संदीपनं आणलेलं सुती कापड तिनं बोटात चुरगाळलं, "खरखरीत हाय." माझी ओढणी दिली, "ह्याचा रंग जातो." रेहानाभाभींनी मलमल दिली, "लई पातळ." मी म्हटलं, तुमचंच एखादं पांढरं लुगडं लावा. तर म्हणाली, "म्या वरून लावलंय की. दोन्हीकून म्याच कामून?" दिवस भरत आले होते. मला झोप लागायची नाही. गोधडी टाचलेली, भिंतीशी घडी घालून ठेवलेली, आणि मावशी रोज तेच सांगायची, "बरं कापड गावंना."

मुलगी झाली. दवाखान्यात मावशी सोबत होती. नर्सनं कापड मागितलं तेव्हा मावशीनं पिशवीतून आपलं एक मऊ लुगडं काढून दिलं आणि मला बजावलं, "हे उसनं हाय. वापस देयाचं."

संदीपनं फोनवर कळवलं होतं, आई बारशाच्या आधी आली. एकटी. बाबा तिला वडशाला गाडीत बसवून गेले, एवढंच तिनं सांगितलं. हातात तांदळाची पिशवी. तिनं ती उघडली, तांदळात हात घातला आणि आतून घडी घातलेलं लुगडं ओढून काढलं. हिरवं, काठ उडालेलं, धुऊन धुऊन साय झालेलं. त्याच्या घड्यांतून तांदळाचे दाणे फरशीवर सांडले. ते आणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

मावशी आली. आईला "जयभीम बाई" म्हणाली, आई "नमस्कार" म्हणाली. मावशीनं लुगडं हातात घेतलं, दोन्ही गालांना लावून बघितलं, एकदा उजव्या, एकदा डाव्या.

"हां," ती म्हणाली. "हे कापड."

मग दोन दिवस दोघी समोरासमोर बसून धावदोरा घालत होत्या. एकीचं बोलणं दुसरीला अर्धं कळायचं. आईनं रंगवलेलं ठिगळ निरखून बघितलं आणि म्हणाली, "हा रांजन होय का? मले तं लोटा वाटते." मावशी एवढी हसली की सुई बोटात गेली. "तुमचीच लेक हाय. म्या निस्ता रंग भरला." शेवटची गाठ मारून झाल्यावर मावशीनं ते उसनं लुगडं मागितलं. मला वाटलं चेष्टा. पण तिनं ते धुतलेलं, वाळलेलं, घडी घालून खरंच परत नेलं.

तिनं अस्तर मुद्दाम अडवलं होतं का, हे मी पुढं एकदा विचारलं. ती म्हणाली, "कापड बरं नव्हतं गं." त्यापुढं नाहीच.

पुढच्या वर्षी मावशीचे गुडघे धरले आणि लेक तिला न्यायला आली. सामान काय, एक ट्रंक, एक गाठोडं, कमरेला चंची. रिक्षात बसायच्या आधी ओळीतल्या सगळ्या खोल्यांत जाऊन आली. माझ्याकडं आली तेव्हा म्हणाली, "भाकर खायला शिक भातखाऊ, ताकद येती," आणि रिक्षात बसली. रिक्षा सुरू झाली, नळापर्यंत गेली आणि थांबली.

मावशी खाली उतरली. मला वाटलं काही विसरलं, किंवा मला जवळ घ्यायला येतेय. मी दोन पावलं पुढं झाले. ती माझ्याकडं आलीच नाही. गुडघ्यावर हात दाबत सरळ तारेकडं गेली. तारेवर मी सकाळी पोरीची गोधडी वाळत घातली होती, रंगाची बाजू वर करून. मावशीनं ती काढली, झटकली, उलटी केली आणि पुन्हा तारेवर टाकली. निळ्या तळहातानं दोन्ही कडा ओढून सरळ केल्या.

"रंग उनात ठिवू नगं म्हनून किती डाव सांगावं हिला," ती लेकीला म्हणाली, मला नाही. आणि रिक्षात बसली.

रिक्षा गेल्यावर मी तारेकडं बघत राहिले. उन्हाच्या बाजूला आता आईचं हिरवं लुगडं होतं. नदी, सांदवाडी आणि रांजण आतल्या बाजूला, सावलीत.